कोटावरचा राजा

मी एक जुना तांब्याचा पैसा आहे आणि माझ्या अंगाला एक भोक आहे. हसू नका मित्रांनो, पूर्वी दोन होती.

माझा जन्म टांकसाळीत झाला. तापलेल्या चकतीवर घणाचा घाव बसला आणि माझ्या छातीवर राजाचा चेहरा उमटला. पण राजा कसला, चार दिवसांचा पाहुणा! जेमतेम एक पावसाळा गादीवर टिकला. तो गेला तशी आमची पतही गेली. काल मीठ-तेल देणारा दुकानदार आज आम्हाला हातात धरेना. कुणीतरी आम्हाला मडक्यात घालून पुरलं आणि विसरून गेलं. पुढे किती काळ लोटला कोण जाणे! एकदा विहीर खणताना कुदळीने ते मडकं फुटलं. खणणाऱ्याने मला खिशात घालून आपल्या लेकीसाठी घरी नेलं. लेकीने मला शिवणाच्या डब्यात टाकलं आणि लग्न झाल्यावर तो डबा सासरी नेला.

तिला आधी मुलगी झाली, मग बऱ्याच वर्षांनी मुलगा. मुलगा शाळेत जायच्या आदल्या दिवशी तिने मला उंबऱ्यावर ठेवलं आणि खिळा-हातोडीने दोन भोकं पाडली. फार दुखलं, खोटं कशाला बोलू? मग मला मुलाच्या कोटाचं सगळ्यात वरचं बटण म्हणून शिवलं. शाळेतली पोरं एकेक नग. "राजेसाहेब आले," म्हणून त्याला चिडवायची, यांच्या घरी साधं बटणसुद्धा नाही म्हणायची. तो मला मुठीत झाकून बसायचा. कोट आखूड झाला आणि मी पुन्हा डब्यात जाऊन पडलो.

तो मुलगा पुढे घड्याळजी झाला आणि त्याला जुनी नाणी जमवायचं वेड लागलं. बायको म्हणायची, गावाची घड्याळं वेळेवर चालतात, आमचं जेवण तेवढं सोडून. त्याच्या पेटीत मखमलीच्या खणांत माझ्या राजाचे बाप, आजोबा, काका सगळे ऐटीत बसले होते. माझ्या राजाचा खण तेवढा रिकामा होता. आई गेल्यावर तिचा डबा आवरताना त्याने मला सहज भिंगाखाली धरलं आणि तसाच पेटीतल्या रिकाम्या खणाकडे धावला. काखेत कळसा नि गावाला वळसा, तसं झालं होतं. पण भोकं दिसताच त्याचा चेहरा उतरला.

नाण्यांचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. भोकं बुजवायचीच, असं त्याने ठरवलं. बक्षिसासाठी, असं तो बायकोला म्हणाला. मला मात्र ती मूठ आठवत होती. त्याने तांब्याची तार ठोकून बसवली, वरून बारीक कानस फिरवली आणि एक भोक असं बुजवलं की राजालाही पत्ता लागू नये. दुसऱ्याला हात घालणार, तेवढ्यात त्याची थोरली बहीण आली. तिने मला लगेच ओळखलं आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं.

"ताई, गरिबीची खूण आहे ती," तो म्हणाला. "चारचौघांत कशाला मिरवायची?"

ताईने मला तळहातावर घेतलं.

"गरिबी होती. पण डब्यात बटणं होती रे, मीच काढून दिली होती. तू शाळेला घाबरून रडत होतास. आई म्हणाली, एकटा कशाला जाईल? राजाला पाठवू त्याच्यासोबत."

बुजवलेलं भोक पुन्हा पाडायला घड्याळजीने खिळा उचलला, माझ्यावर टेकवला आणि तसाच खाली ठेवला. भोक त्याला पाडता आलं असतं, पण ते आईचं झालं नसतं. तो रडला. ताईने त्याला रडू दिलं.

प्रदर्शनात मी तसाच गेलो, एक भोक उघडं, एक बुजलेलं. परीक्षकांनी चष्मा सावरत विचारलं, इतकं दुर्मिळ नाणं, त्याला हे भोक कसलं?

"माझ्या कोटाचं," घड्याळजी म्हणाला, आणि या वेळी त्याने मान खाली घातली नाही.

बक्षीस दुसऱ्यालाच मिळालं. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जमवा, जपा. पण एखादी खोट दुरुस्त करायला घेण्याआधी ती कुणी केली आणि का, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. ती माणसं आहेत तोवर विचारा. माझं बुजलेलं भोक आता कुणालाच उघडता येणार नाही.