मागे कोकिळा नाही

कंबरभर पाण्यात माणसांची रांग. एक टोक दिवेआगरच्या वाळूत, दुसरं मालाच्या होडीला, मचव्याला टेकलेलं. वाळूतून नारळ सुटतो.

झेल. वळ. फेक.

झेल. वळ. फेक.

सोललेला नव्हे, सालीसकट; ओला, जड, निसटता. पुढे कोंडाजी. मध्ये त्याचा मुलगा कान्हा. कान्हाच्या मागे थोरली बहीण कोकिळा. बापाने टाकलेला नारळ कान्हा झेलतो, अर्धा वळतो, पाठीमागे सोडून देतो. बघत नाही. बघायचं कशाला? मागे कोकिळा आहे. लहानपणापासून आहे. नारळ पाण्यात पडला तर कोंडाजी अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा ओरडतो, पण कान्हावर तो कधी ओरडलेला नाही, कारण ह्या हातांतून आजवर एकही

चेंडू निसटलेला नाही! म्हणून तर मुरुडच्या इंग्रजी शाळेतल्या ड्रिल मास्तरांनी त्याला फुटबॉलच्या गोलात उभा केला. साल एकोणीसशे एकतीस. समोर अलिबागची पोरं. मैदानाभोवती सगळी शाळा, कोळीवाडा, दोन टांगेवाले.

चेंडू आला. उंच, कोपऱ्यात, गोल होणारच असा.

कान्हाने हवेतच झेलला. काय झेलला! टांगेवाल्यांनी टोप्या उडवल्या.

आणि कान्हा अर्धा वळला. आणि चेंडू पाठीमागे सोडून दिला.

स्वतःच्या जाळ्यात.

आधी कोणालाच कळलं नाही. मग अलिबागची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली.

मास्तर धावत आले. "अरे गाढवा, दिलास कोणाला? मागे कोण होतं तुझ्या?"

कान्हाने खरं तेच सांगितलं. "कोकिळा."

त्या दिवसापासून तो वर्गात शिरला की मागचा बाक एका सुरात ओरडायचा, "कोकिळेला दे! कोकिळेला दे!" मास्तरांनी वेगळंच सांगितलं होतं, हळू आवाजात. पुन्हा असं झालं तर गोलात दुसरा. आणि कान्हाला तर झोपेतही चेंडू दिसत होता, खेळायचं सोडून दुसरं काही नकोच होतं, म्हणून सुट्टीत घरी पोचल्या पोचल्या त्याने बहिणीला सगळं सांगितलं, आणि ती

हसत सुटली. इतकी हसली की रांगेतच, पाण्यात बसली.

"माझं नाव मुरुडात गाजवलंस की रं!"

"हसू नको, ताय. मला खेळायचं हाय."

"मग मागं फेकू नको."

"मी न्हाय फेकत. हातच फेकतात."

कोकिळेने त्याला रांगेच्या शेवटी, मचव्यावर चढवला. तिथे झेलायचं आणि खाली ठेवायचं, बस्स. पहिलाच नारळ त्याने झेलला, वळला आणि मचव्याच्या पलीकडे भर समुद्रात भिरकावला.

"मुंबईचा नारळ आफ्रिकेला धाडलास व्हय रं!" कोंडाजी गरजला. सगळी रांग खिदळली.

कान्हा रडवेला झाला. कोकिळा मात्र हसायची थांबली होती. ती त्याच्या पायांकडे बघत होती.

"वळल्याबिगर राहवत न्हाय ना तुला?"

"न्हाय."

"मग अर्ध्यात कशाला थांबतोस? पुरता वळ. जिकडनं आला तिकडंच सोड."

कान्हा पाण्यात उतरला. बापाने टाकलेला नारळ झेलला. वळला. थांबला नाही, भोवऱ्यासारखा सबंध फिरला आणि त्या फिरण्याच्या जोरातच हात सोडले.

नारळ कोंडाजीच्या डोक्यावरून गेला. रांगेवरून गेला. ओली वाळू, कोरडी वाळू, थेट केवड्याच्या बनात. सगळे माना वळवून बघत राहिले, आणि मग कोणीतरी म्हणालं,

"हे कुठे शिकलास, मॅन?"

विचारणारा डिमेलो. लालबागच्या एका गिरणीच्या फुटबॉल संघाचा कप्तान. नाताळात संघ घेऊन मुरुडला आला होता, शाळेच्या पोरांशी गंमत म्हणून खेळला आणि गंमत त्याच्याच अंगाशी आली. बाकीचे गोलकीपर चेंडू लाथेने उडवायचे, पडेल तिथे पडेल. हा पोरगा गर्रकन फिरायचा आणि मैदानाच्या मध्यावर, आपल्याच गड्याच्या पायाशी, हाताने नेऊन ठेवल्यासारखा टाकायचा!

"मॅट्रिक हो आणि ये," डिमेलो म्हणाला. "हजेरी कापडखात्यात, काम मैदानात."

"म्हणजे... खेळायचा पगार?"

"खेळायचा पगार, मॅन! पण आधी गोऱ्या सोल्जर लोकांशी एक मॅच. आमचा मॅनेजर बघणार. ते लोक गोलकीपरला खांद्याने ढकलतात, चेंडूसकट आत. कायद्यात बसतं. आत गेलास तर नारळाच्या बोटीत बसून परत जायचं. कळलं?"

कान्हाला एवढंच कळलं की मॅट्रिक लवकर व्हायला हवं, आणि झालाही, आणि चौतीस साली नारळी पुनव उलटल्यावर जो पहिला मचवा माल भरून मुंबईला निघाला त्यात कोंडाजी, कोकिळा आणि तो असे तिघे

चिखलाच्या मैदानावर! कान्हा गोलात. बाप आणि बहीण कडेच्या दोरीपाशी. गिरणी एका गोलाने पुढे. कान्हा फिरतो, फेकतो, गिरणगाव नाचतं. पुन्हा फिरतो, पुन्हा नाचतं.

पण सोल्जर आंधळे नव्हते. फिरताना ह्याची पाठ आपल्याकडे होते, हे त्यांच्या तांबड्या केसांच्या गड्याने हेरलं.

शेवटची मिनिटं. उंच चेंडू. कान्हाने झेलला. वळला, अर्धा...

धाड! पाठीत खांदा.

पाय घसरले. डोळ्यांसमोर फक्त जाळं. छातीशी चेंडू, आणि हात, ते जुने हात, सुटू बघतायत, समोर कोणीतरी असल्यासारखे.

"कान्ह्या! मी हिकडं हाय रं! तिकडं कुनी न्हाय!"

बोटं आवळली. पडता पडता त्याने कंबर पिळली आणि उरलेलं वळण हवेतच पुरं केलं. पाय जाळ्याकडे, तोंड मैदानाकडे, असा तो पालथा आपटला. वर तांबडा गडी, त्याच्यावर आणखी दोघे. डोकं आत, छाती आत, आणि दोन लांब हात रेषेच्या बाहेर चिखलात रोवलेले. हातांत चेंडू.

पंच गुडघ्यांवर बसला. गाल चिखलाला लावून त्याने रेषा बघितली. 

त्याने मान हलवली. गोल नाही! आणि लगेच लांब शिट्टी, खेळ खलास!

"पोरगा आत, माल भायेर!" दोरीपाशी कोंडाजी अनोळखी माणसांना हलवून हलवून सांगत होता. "बघितलं न्हवं तुमी?"

डिमेलो धावत आला, सोल्जरांना बाजूला केलं, चेंडू ओढू लागला. निघेना.

"सोड ना, मॅन! संपली मॅच!"

"आधी सांगा," कान्हा चिखल थुंकत म्हणाला, "घेतलं का मला?"

"अरे, मॅनेजर खुर्चीवर चढून टाळ्या पिटतोय, बघ तरी!"

"डोळ्यांत चिखल हाय. तोंडानं सांगा."

"घेतलं!" डिमेलो ओरडला. "घेतलं, घेतलं, घेतलं!"

तेव्हा कुठे बोटं सुटली.