फितीआडची खुर्ची

मी सरकारी दवाखान्यातली चाकाची खुर्ची बोलतेय. तोंडानं जरा फटकळ आहे, आधीच सांगते.

माझा जन्म लोणी देवकरच्या एका शेडमधला. पाइप वाकवले, वेल्डिंग झालं, निळं रेक्झिन चढलं. कामावरची पोरं म्हणाली, "झकास झाली!" मलाही तसंच वाटलं.

निमगाव केतकीच्या जोतीरामतात्यांनी आईच्या, नकोशीबाईंच्या, आठवणीसाठी मला घेतलं आणि या सरकारी दवाखान्याला दिलं. पाठीवर नावं रंगवली. आईचं बारीक, तात्यांचं ठसठशीत. मग दोन्ही हातांवरून लाल फीत बांधली आणि हुकूम सोडला, "सायेब येऊन फीत कापत न्हाईत तवर हिला कुणी हात लावायचा न्हाय."

आमदारसाहेबांना सवड होईना. कधी लग्न, कधी मयत, कधी मीटिंग. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत, व्हरांड्याच्या कोपऱ्यात. समोरून माणसं जायची, कुणी चादरीच्या झोळीत, कुणी दोघांच्या खांद्यावर लोंबकळत. डॉक्टर एकच आणि रांग फाटकापर्यंत. गावची वडीलधारी मंडळी मला बघून म्हणायची, "तात्यांनी आईचं नाव काढलं!" पिशवी मात्र एकानंही काढली नाही. नुसत्या पिकलेल्या मिशा!

एके सकाळी समिना आपल्या आईला, मेहबूबबीला, रिक्षातून घेऊन आली. म्हातारी न्हाणीत घसरली होती, मांडीला हात लावू देईना. डॉक्टर म्हणाले, आधी एक्स-रे. ती खोली मागच्या इमारतीत. एक्स-रे काढणारा माणूस दोन दवाखान्यांना मिळून एकच, दुपारी तो दुसरीकडं जायचा. आता गाठला नाही तर उद्याच.

"स्ट्रेचर बाळंतिणीला नेलंय," रेश्मा सिस्टर म्हणाली.

समिनाची नजर माझ्यावर पडली. तात्या तिथंच मांडववाल्याशी बोलत उभे होते.

"तात्या, खुर्ची द्या की."

"आगं, परवा कार्यक्रम हाय. पत्रिका वाटल्यात. सायबांनी वापरल्याल्या खुर्चीची फीत कापायची व्हय?"

"मग माझ्या आईनं परवा घसरायला पायजे हुतं का?"

बाकावरून मेहबूबबी कण्हली, "समे, भांडू नगं. जोतीराम, ही नकोशीमावशीची खुर्ची हाय व्हय? दर बाजारला मीच बांगड्या भरायची तिला. हात लई मऊ. नवी हाय, राहू दे बाबा. मी सरकत जाते."

तात्यांनी माझ्यावरची पिशवी ओढून काढली. फितीची गाठ सोडायला गेले, पण ती सुटेना. शेवटी सिस्टरनं बँडेजची कात्री चालवली.

"तात्या, फोटो तरी काढू?" मांडववाला म्हणाला.

"गप रं!" तात्या खेकसले आणि स्वतःच मला ढकलायला लागले.

एक्स-रेवाला कुलूप लावत होता. त्यानं म्हातारीकडं बघितलं आणि कुलूप परत काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं. हाडांचा डॉक्टर बारामतीला आणि अ‍ॅम्बुलन्स दुसऱ्याला घेऊन गेलेली. ती येईपर्यंत मेहबूबबी माझ्यावरच बसली. सिस्टरनं दिलेलं कळ थांबवायचं इंजेक्शन लागू पडलं तशी तिची मान माझ्या पाठीला टेकली, डोळा लागला. ऊन सरकत आलं, तसे तात्या तिच्यावर सावली पडेल असे उभे राहिले. माझा राग थोडा निवळला. थोडाच.

संध्याकाळच्या आत ती बारामतीला पोचली, ऑपरेशन झालं. परवाचा कार्यक्रमही झालाच. साहेबांनी माझ्याऐवजी पाण्याच्या टाकीची फीत कापली.

आता माझं रेक्झिन फाटलंय, पुढचं चाक कुरकुरतं. असू दे, दिवसभर पळते. पण खुर्ची म्हणजे डॉक्टर नव्हे. मला हार घालू नका, हाडांचा डॉक्टर आणा. आणि मला ढकलणाऱ्यांनो, उंबरा आला की मला उलटी फिरवून हळू मागं ओढा. समोरून आदळलं की बसलेलं माणूस कळवळतं, पण बोलत नाही. त्याला वाटतं, खुर्ची मिळाली हेच खूप झालं.