टाकीच्या टोपणातला आत्मा

माझ्या सासऱ्यांनी घोडागाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या, माझ्या यजमानांनी मालमोटारींची इंजिने उतरवली आणि माझ्या मुलाने या चौकात मोटारींचे गॅरेज उघडले. मुलगा तापाने गेला. त्याची हत्यारे माझ्या सुनेने उचलली. घराण्यातले हे चौथे हात. त्यांचा अपमान करणाऱ्याला मी क्षमा करत नाही.

त्या सकाळी चौकात मुंगीला वाट नव्हती. मधोमध एक जुनी टॅक्सी आणि तिच्या बॉनेटवर तळहात टेकून, डोळे मिटून उभे असलेले चक्रस्वामी!

"उभी असली की गोड घुरघुरते, स्वामीजी," टॅक्सीवाला रडकुंडीला आला होता, "पण चढावर पाय दाबला की मान टाकते."

"अतृप्त आत्मा आहे, बाळा. संथ चालीत झोपतो, वेग वाढला की दचकून उठतो. त्या पांढऱ्या पायाच्या बाईचा हात लागला होता ना हिला?"

वर्षापूर्वी माझ्या सुनेसाठी हाच शब्द त्यांनी याच चौकात उच्चारला होता. तेव्हापासून टॅक्सीवाले गॅरेजऐवजी मठात जात. तिथे शिष्य गाड्या फुकट धुऊन देई. आदल्याच दिवशी सून मला म्हणाली होती, "आई, हत्यारं विकते आणि लेकीला घेऊन माहेरी जाते."

स्वामींनी टाकीचे टोपण उघडले, तीर्थाचा थेंब सोडला आणि टोपण लावले. टॅक्सी भुर्रकन चढ चढून आली. जयजयकार झाला.

सून माझ्या कानाशी लागली. "आई, टोपण उघडताना फुस्स झालं. ऐकलंत?"

"ऐकलं. म्हणजे काय ते सांग." तिने सांगितले. ऐकून मी काठी टेकत गर्दीच्या मध्यभागी गेले.

"स्वामीजी, तुमची गाडीही याच बनावटीची. दोघींच्या टोपणांची तेवढी अदलाबदल करू. दोन्ही गाड्या शहराला वळसा घालून चढावर येऊ देत."

शिष्य मध्ये कडमडला. "स्वामींच्या गाडीला परकं टोपण चालत नाही!"

"का रे? आत्मा इंजिन सोडून टोपणात राहायला आला की काय?"

लोक हसले. स्वामींचा चेहरा पांढराफटक पडला, पण भक्तच ओरडू लागले, "बसा, स्वामीजी! दाखवा म्हातारीला!" भक्तांनीच त्यांना उचलून गाडीत कोंबले.

टॅक्सी आली ती सुसाट वर गेली. स्वामींची गाडी चढाच्या मध्यावर दोन गचके खाऊन बंद पडली. शिष्याने किल्ली फिरवून फिरवून हात दुखवून घेतला.

सुनेने सर्वांसमक्ष टोपण उघडले. फुस्स! या वेळी ते सगळ्यांनी ऐकले. टोपणाच्या बारीक भोकात तिने टाचणी घातली. मेणाची गोळी बाहेर आली.

"पेट्रोल गेलं की तेवढी हवा टाकीत यावी लागते," ती म्हणाली. "भोक बुजवलं की हवा येत नाही, टाकी पेट्रोल आतच ओढून धरते. उभ्या गाडीला थोडं पुरतं. पाय दाबला की जास्त लागतं आणि इंजिन उपाशी मरतं. थेंबासाठी टोपण उघडलं की हवा आत शिरते. झाला चमत्कार!"

"म्हणून फुकट धुऊन देत होतास होय रे!" टॅक्सीवाल्याने शिष्याची गचांडी धरली. बाकीच्यांनी आपापली टोपणे उघडली. बहुतेकांत मेण निघाले.

मी लोकांना म्हणाले, "गाडी अडली तर कारण शोधा. नाही सापडलं तर 'ठाऊक नाही' म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण आपल्या अज्ञानाचं खापर एखाद्या बाईच्या डोक्यावर फोडू नका."

जमाव स्वामीवर धावला. मी काठी आडवी धरली. "कोणीही हात लावायचा नाही. याच्याकडून मला वेगळं येणं आहे."

तो हात जोडून पुटपुटला, "त्या बाईंचा दोष नव्हता."

"मोठ्याने. तेव्हा कसा खणखणीत बोलला होतास!"

"बाईंचा दोष नव्हता! मेण मी लावायला सांगितलं!"

मी त्याला एकेका टॅक्सीसमोर उभा केला आणि प्रत्येक ठिकाणी हेच वदवून घेतले. माझी सून माझ्या शेजारी ताठ मानेने उभी होती. शेवटच्या टॅक्सीपाशी त्याचा आवाज पार बसला. ते शेवटचे घोगरे वाक्यही मी पूर्ण होऊ दिले आणि मगच म्हणाले, "आता फिटलं. जा."