चिमटीत फिरणारं पान

मामाच्या रोपवाटिकेत आज भाचीची परीक्षा होती. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन ती महिनाभर इथे राबत होती. पास झाली तर नोकरी पक्की. नाहीतर सोमवारपासून आईने ठरवलेलं ऑफिस.

इथे फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या दोन जाती होत्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. सख्ख्या बहिणीच त्या. एकीला झाकावं नि दुसरीला काढावं.

"फाटकाजवळचं मोठं झाड कुठलं, सांग," मामा म्हणाला.

भाची धावत गेली आणि झाडाखालचा एक शंकू घेऊन आली. "थोरलीच्या शंकूत खवल्यांमधून जिभा बाहेर डोकावतात. यात एकही नाही. म्हणजे धाकटी!"

मामा पोट धरून हसला. "अगं शहाणे, फरचा शंकू अख्खा पडतो का कधी? तो फांदीवरच सुटा होऊन झडतो. हा कुंपणापलीकडच्या स्प्रूसचा, ते झाडच वेगळं. शेजारणीचं पोर उचलून आणलंस की!"

भाचीचे कान लाल झाले. हे तर तिने पेपरात लिहिलं होतं!

"जाऊ दे. दुपारी शहरातल्या बागेच्या सुपरवायझर बाई धाकटीची दहा रोपं न्यायला येतील. मी काढून ठेवलीत, ती बघून शीक."

भाचीने नुसतं बघितलं नाही. प्रत्येक रोपाचं एक पान तोडून चिमटीत फिरवलं. धाकटीचं पान चौकोनी, गरगर फिरतं. थोरलीचं चपटं, वर पन्हळ असलेलं, ते अडून बसतं. सहा फिरली. सातवं हटून बसलं.

"मामा, ही थोरली आहे."

"तीस वर्षं रंगावरून ओळखतोय मी!"

"फिरवून तर बघ."

मामाने फिरवलं. घट्टे पडलेल्या बोटांना काही कळेचना. मग त्याने चष्मा चढवला, पान उजेडात धरलं आणि पन्हळ दिसताच ते रोप बाजूला काढलं.

"उरलेल्या तूच बघ, बाई."

नववीही थोरलीच निघाली. दोन्ही बदलल्या.

"कुणी निवडल्या?" दुपारी सुपरवायझर बाईंनी विचारलं.

मामाने भाचीचा हात वर धरला. "या बोटांनी! आता हिच्या आईला सांगायचं, ऑफिसवाल्यांना म्हणावं दुसरी कुणीतरी बघा."

भाची मात्र हात सोडवून फाटकाकडे पळाली. तिने खालची फांदी वाकवून पान तोडलं. ते गरगर फिरलं.

"मामा, धाकटीच आहे! उत्तर बरोबर होतं माझं!"

"रीत चूक," मामा ओरडला. "अर्धेच मार्क!"