वळणावर राहिलेला जीव

सिग्रिड जेवत नव्हती. मोडलेला हात गळ्यात अडकवून इथे लाओसात माझ्या गेस्टहाउसच्या ओसरीवर बसायची आणि समोरच्या नाम ऊ नदीकडे बघायची. पाठीवर बोचकं टाकून महिनोन्‌महिने हिंडणारी ही गोरी पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत. रुसलेली पाहिली, हगवणीने आडवी झालेली पाहिली. पण अशी जिवंतपणी विझलेली पाहिली नव्हती. मला तिचा राग यायचा, कारण मला तिची भीती वाटत होती.

पहिल्यांदा आली तेव्हा ही नॉर्वेची पोर मानसुद्धा वर करत नव्हती. भात मागायची लाज वाटते म्हणून खोलीत बसून बिस्किटं खायची. तिला बाहेर काढलं रामिरोने. तो अर्जेंटिनाचा, लाओ भाषेतला एक शब्द येत नसताना अख्ख्या गल्लीशी गप्पा मारणारा. माझ्याच टेबलावर दोघांची गाठ पडली. पुढे दोघांनी मिळून कंबोडिया, व्हिएतनाम पालथं घातलं, आणि दर फेरीनंतर ती माझ्याकडे परत यायची. लोक त्यांना नवरा-बायको समजत, पण ती दोघं जिवाभावाची दोस्त होती, एवढंच. प्रत्येक फेरीत पोरगी थोडी ताठ झालेली असे. शेवटी शेवटी तर आमच्या भाषेत कोळणीशी भांडून मासे आणायची, आणि कुठे जायचं, कसं जायचं तेही तीच ठरवायची.

"हा आंधळा आहे, मे," ती म्हणायची. आईला आम्ही मे म्हणतो, तीही मला तेच म्हणायला शिकली होती. "सोडून दिलं तर स्वतःच्या खोलीचं दार सापडायचं नाही याला."

मग डोंगरातलं ते वळण आलं. मोटारसायकल तो चालवत होता, रस्ता तिने सांगितला होता. रामिरो जागच्या जागी गेला. त्याच्या वकिलातीने शवपेटी त्याच्या आईकडे रवाना केली. त्याचं बोचकं मात्र माझ्याकडेच राहिलं.

"हिचा ख्वान तिथेच पडलाय, सेंगदाव," माझी सासू मला म्हणाली. माणूस जबर धास्तावला की अंगातला एखादा जीव जागेवरच राहून जातो, तो ख्वान. "उचलून आणायला हवा. नाहीतर ही पोर हातची गेली."

सकाळीच आम्ही तिघी वळणावर गेलो. म्हाताऱ्या सासूने उकडलेलं अंडं, चिकट भात, केळी मांडली. मासे धरायची हातजाळी खडीवरून फिरवत ती हाका घालू लागली, "ये गं, सिग्रिडच्या ख्वाना, रानात राहू नको, दगडात राहू नको, घरी ये."

सिग्रिड दगडासारखी उभी. आणि एकदम तिने धड असलेल्या हाताने जाळी हिसकावून घेतली, खडीवरून फिरवली, आणि आमच्याच सुरात हाक मारली, "ये रे, रामिरोच्या ख्वाना, घरी ये, भात गरम आहे."

सासूचा चेहरा पांढराफटक पडला. अपघातात मेलेल्याला आमच्यात कुणी घरी बोलावत नाही, तो भूत होऊन घराला लागतो. एखाद्या नवख्या गोरीला ते शब्दच आले नसते. आमच्यात इतकी मिसळली नसती, तर ही चूक तिच्या हातून झालीच नसती.

"काय केलंस हे, सटवे!" मी ओरडले. "जा म्हण त्याला! आत्ताच्या आत्ता!"

"नाही म्हणणार. येऊ दे. त्याची खोली रिकामीच आहे."

"माझी खोली मेलेल्यांसाठी नाही!"

"मग जाईल कुठे तो?" ती किंचाळली. "त्याला रस्ता कळत नाही, मे. रस्ता मी सांगायचे." आणि अपघातानंतर पहिल्यांदाच ती रडली, नाक गळेपर्यंत रडली.

सासू तिच्याशेजारी उकिडवी बसली. "मग सांग रस्ता. ज्याने बोलावलं, त्यानेच वाटेला लावायचं. घरापर्यंत सांग, म्हणजे पोचेल."

सिग्रिड जाळीत बघून सांगू लागली. इथून खाली लुआंग प्राबांग. मग व्हिएन्टिआन, मग पूल ओलांडून बँकॉकची गाडी, झोपू नकोस, तुझं उतरायचं राहतं. मग विमानं. मग ब्वेनोस आयरेसहून तुझ्या गावाची बस. तिथे ती थांबली.

"पुढे?" सासूने विचारलं.

"पुढे माहीत नाही. त्याचं घर मी पाहिलेलं नाही. तो दाखवणार होता. तेवढा एकच रस्ता त्याला येत होता."

सासूने जाळी तिच्या हातातून काढून घेतली. "अर्ध्या वाटेवर सोडलेला कुठेच पोचत नाही, पोरी. तुला सोबत जावं लागेल."

मला तो जुलूम वाटला. ज्या बाईचा मुलगा हिच्याबरोबर हिंडताना गेला, तिच्या दारात जाऊन ही उभी राहणार? "सासूबाई, तिला तिच्या घरी जाऊ द्या की," मी म्हणाले. सिग्रिडने ते अंडं उचललं, गुडघ्यावर आपटून एका हाताने सोललं आणि सगळं खाल्लं.

"जाते मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती निघाली, पाठीवर स्वतःचं बोचकं, पोटावर त्याचं. ख्वान अंगातच राहावा म्हणून मी तिच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला, सासूनेही बांधला. तिने लुआंग प्राबांगच्या गाडीची दोन तिकिटं काढली आणि त्याचं बोचकं शेजारच्या जागेवर ठेवलं. गाडी खच्चून भरली, तशी ड्रायव्हर कुरकुरत आला.

"मे सेंगदाव, सांग ना तुझ्या गोरीला, बोचकं टपावर टाकू दे. इथे माणूस बसेल."

मी खिडकीतून हात घालून त्या जागेवर ठेवला.

"डोळे फुटले का तुझे?" मी म्हणाले. "माणूस बसलाय तिथे."