रिकाम्या खुर्चीला वाट द्या

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. मुक्काम विमानतळावर. हे ऐकून तुम्हाला माझा हेवा वाटेल, पण आजवर एकाही विमानात मी पाऊल, म्हणजे चाक, टाकलेलं नाही. माणसांना दारापर्यंत पोचवायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं, एवढंच माझं काम. स्वभावाने मी पहिल्यापासून काळजीखोर. मन चिंती ते वैरी न चिंती असं म्हणतात ना, ते बहुधा मला बघूनच म्हटलं असावं.

एका कारखान्यात नळ्या वाकवून, सांधे जोडून मला घडवलं. शेवटी एक धिप्पाड कारागीर माझ्यात धपकन बसला, बसल्या बसल्या दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, "पक्की आहे!" त्या शाबासकीवर मी बरीच वर्षं काढली. नवी होते तेव्हा मला रोज पुसायचे. पाहुण्यांना दाखवायला मीच पुढे असायची.

मग हातावरचं रेक्झिन फाटलं, त्यावर चिकटपट्टी आली. ब्रेक घट्ट झाला. पुढचं एक चाक कुईकुई करू लागलं. तेल घाला असं मी कुणाला सांगणार? नव्या खुर्च्या आल्या, तशी मी जिन्याखाली गेले. विमानं रखडली, खुर्च्या कमी पडल्या, की मगच माझी आठवण. "ती कुरकुरी काढा रे बाहेर!" हे माझं नाव. अहो, तेलाचे दोन थेंब घातले असते तर नावही बदललं असतं!

त्या दिवशी दाट धुकं पडलं होतं आणि दुपार झाली तरी हटत नव्हतं. एकामागून एक विमानांना उशीर होत होता. माणसं चार्जिंगच्या जागेवरून भांडत होती. एक गृहस्थ दर थोड्या वेळाने काउंटरवर जाऊन तोच प्रश्न विचारत होते आणि तेच उत्तर घेऊन परत येत होते.

निळ्या टोपीच्या एका मदतनीस मुलीने मला बाहेर काढलं आणि माझ्यात एका आजींना बसवलं. बरोबर त्यांचा मुलगा होता, त्याला दारातूनच परत जायचं होतं. तो आजींना बजावत होता, "आई, खुर्चीतून उठायचं नाही. ही माणसं नेतील तिकडे जायचं. कुणी आल्याशिवाय जागची हलू नकोस."

"अरे हो रे बाबा! दहा वेळा सांगितलंस. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आजी म्हणाल्या. पण त्यांचे हात माझे दांडे घट्ट धरून होते. त्या पहिल्यांदाच एकट्या विमानाने निघाल्या होत्या.

मदतनीस मुलीने त्यांचा विमानाचा पास माझ्या पाठीमागच्या खिशात ठेवला. इथली पद्धतच आहे ती. कागद हरवत नाहीत, पण बसणाऱ्याचा हातही तिथे पोचत नाही. गेटजवळ आम्हाला भिंतीशी लावून तिने ब्रेक ओढला. "आजी, इथेच बसा हं. मी आलेच!" असं म्हणून ती गेली. तिला दुसऱ्या टोकाला कुणीतरी बोलावलं होतं.

थोड्या वेळाने आजींचा फोन वाजला. पलीकडे त्यांची थोरली बहीण होती, दवाखान्यातून बोलत होती. तिचा आवाज एवढा खणखणीत की मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"निघालं का गं विमान?"

"उशीर आहे म्हणतात, ताई. येतेय मी."

"डॉक्टर सहीसाठी मागे लागलेत. उद्या सकाळी हृदयाचं ऑपरेशन. मी साफ सांगितलंय, धाकटी माझ्या डोळ्यांसमोर आल्याशिवाय मी सही करणार नाही. मग तारीख गेली तर गेली."

"असा हट्ट बरा नव्हे, ताई. किती महिने थांबून मिळालीये ती तारीख!"

"मग वेळेवर ये!" आणि फोन बंद.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्या जिवात जीव नव्हता. आजींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, ओठांपर्यंत नेली आणि पुन्हा ठेवून दिली. माझ्यात बसणारे बरेचजण असं करतात. पाणी प्यायलं की मग कुणालातरी सांगावं लागतं, मला तिकडे न्या म्हणून. लाज वाटते. त्यापेक्षा तहान बरी.

एवढ्यात भोंग्यातून काहीतरी भराभर सांगितलं गेलं. शेजारी एक बाळ टाहो फोडत होतं, आजींना एक अक्षर कळलं नाही. आजूबाजूची माणसं मात्र ताडकन उठली, पिशव्या उचलल्या आणि धावत सुटली. बघता बघता सगळी बाकं रिकामी.

"अहो, काय झालं?" आजींनी विचारलं. कुणी थांबलं नाही.

एक गणवेशातला माणूस घाईघाईने आला. माझ्याकडे बघितलं. मागे राहिलेल्या त्या चौकशीवाल्या गृहस्थांना म्हणाला, "यांच्याबरोबर कोण आहे?"

"काही कल्पना नाही बुवा," ते म्हणाले आणि पळाले.

"मदतनीस येईल मग," असं पुटपुटून हाही गेला. अरे शहाण्या, समोर बाई बसल्यात, त्यांना तोंड आहे, त्यांना विचार की! मी मनातल्या मनात ओरडत होते. माझं कोण ऐकतंय?

आजींनी मुलाला फोन लावला. "आई, तू हलू नकोस! मी त्यांच्या ऑफिसला फोन लावतोय, लागत नाहीये. तू फक्त बसून राहा." बिचारा.

आजी बसून राहिल्या. माझे दांडे त्यांच्या घामाने ओले झाले. मग त्यांनी मान वळवून विमानांच्या वेळांच्या पाटीकडे बघितलं. त्यांच्या विमानापुढे लाल अक्षरं आली होती: रद्द. खाली बारीक ओळ होती, प्रवाशांनी शेवटच्या गेटवर जावं, दुसऱ्या विमानात सोय केली आहे.

"अगं बाई! गेलं की हे!" आजी म्हणाल्या.

आणि त्या उठल्या.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी घाबरले. मला वाटलं आता या कोसळणार. पण त्या ताठ उभ्या राहिल्या, पदर खोचला, माझ्या मागे आल्या आणि खिशातला पास काढला. त्यांचे पाय ठणठणीत होते! मुलाने खुर्ची सांगितली होती ती वाट चुकू नये म्हणून. मग त्या माझ्या ब्रेकशी झटापट करू लागल्या. मला तिथेच सोडायचं त्यांच्या मनातही आलं नाही. "दुसऱ्याची वस्तू अशी बेवारशी कशी टाकायची?" असं म्हणत त्यांनी ब्रेक सोडवला, माझ्यात पिशवी ठेवली आणि मला ढकलत निघाल्या.

काय सांगू तो रस्ता! संपता संपत नव्हता. पुढे माणसांचा लोंढा. आजी ओरडल्या, "सरका हो, सरका! खुर्ची येतेय!" त्यात माझं चाक कुईकुई. लोक दचकून बाजूला होत होते. मघाशी ज्या बाईसाठी कुणी थांबलं नव्हतं, तिच्या रिकाम्या खुर्चीला सगळे वाट देत होते. माझं एक चाक सारखं डावीकडे ओढत होतं आणि आजी मला दटावत होत्या, "नीट चाल गं बये, आता रुसू नकोस!"

शेवटच्या गेटवर दोर लावून वाट बंद करायची तयारी चालली होती. तिथला कारकून माझ्याकडे बघून म्हणाला, "यातला प्रवासी कुठे आहे? आम्ही केव्हापासून पुकारतोय. जागा दुसऱ्याला द्यायच्या बेतात होतो."

"मीच ती," आजी धापा टाकत म्हणाल्या.

"पण तुम्ही तर चालताय!"

आजींचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेल्यासारखा. "पाय चांगले आहेत हो माझे. लबाडी म्हणा हवं तर. मला वाट कळणार नाही असं वाटलं पोराला. मलाही तसंच वाटलं. पण माझी बहीण तिकडे अडून बसलीये, मी गेले नाही तर ती ऑपरेशन करून घेणार नाही. माझी जागा देऊ नका कुणाला."

कारकून ओशाळला. "लबाडी कसली, आजी! पण मग इतका वेळ आला का नाहीत?"

"मला कुणी काही विचारलंच नाही. जो तो खुर्चीलाच विचारत होता."

त्याने खाली बघत पासवर शिक्का मारला. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, विमानाच्या दारात आहे. पोचते रात्रीपर्यंत. तू सही कर."

पलीकडे पहिल्यांदाच खणखणीत आवाज नव्हता. "मला भीती वाटतेय गं," थोरली हळूच म्हणाली.

"मलाही वाटत होती," आजी म्हणाल्या. "उठेपर्यंतच वाटते. कर सही."

पलीकडे कागद सळसळला. मग आवाज आला, "केली. आता तू आली नाहीस तर बघ!"

आजी हसल्या, डोळे पुसले, माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि चालत आत गेल्या. दारापलीकडचं मला कधीच कळत नाही. त्या पोचल्या का, बहीण बरी झाली का, हा घोर अजून माझ्या मनात आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या खुर्च्यांच्या चाकांना तेल द्या, ब्रेक तपासा, फाटलं तर शिवा. आणि कधी कुणाला असं बसलेलं पाहिलंत, तर ढकलणाऱ्याला विचारू नका. जरा खाली वाका आणि बसलेल्या माणसालाच विचारा, "तुम्हाला कुठे जायचंय?"