कस्तुराबाईचा साधा फोटो

छायाचित्र म्हणजे वाहत्या काळातून उचलून ठेवलेला एक खरा क्षण, असं शिवकुमारचं ठाम मत होतं. मुरूममधल्या त्याच्या गिऱ्हाइकांचंही फोटोबद्दल ठाम मत होतं: मागं पांढरा पडदा पाहिजे, दोन्ही कान दिसले पाहिजेत, आणि चहा होईपर्यंत आठ कॉप्या हातात पडल्या पाहिजेत. पोट गिऱ्हाइकांवर चालत असल्यामुळं दुकानात त्यांचं मत चाले. शिवकुमारच्या मताला जागा राहिली ती घरी.

घरी म्हणजे सध्या दाराच्या फळीमागं. तिथं तो कॅमेरा छातीशी धरून श्वास रोखून उभा होता, आणि बाहेर पायरीवर त्याची आत्या कस्तुराबाई मेथीवाल्याशी भांडत होती. मेथीची जुडी तिनं कोर्टात पुरावा दाखवावा तशी उंच धरली होती. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता. पुढचे दात पडून गेल्यामुळं शिव्यांची वाट मोकळी होती. सकाळचं ऊन तिरपं होऊन बरोबर गालावर पडलं होतं. शिवकुमारनं बटण अर्धं दाबलं आणि फोकस जमल्याचं सांगायला कॅमेऱ्यानं बारीकसं 'टिक्' केलं.

आत्याला एरवी समोरून हाक मारली तरी ऐकू येत नसे. हे आलं. पदर डोक्यावर गेला, ओठ मिटले, दोन्ही हात गुडघ्यांवर आले, पाठ ताठ झाली आणि नजर समोरच्या विजेच्या खांबावर जाऊन थांबली. मेथीवाल्यानं टोपी काढली, केस सारखे केले, टोपी परत घातली आणि पाटी जरा अंगाजवळ ओढून घेतली.

"काढा," तो म्हणाला.

शिवकुमारनं काढला नाही. खांबाकडं बघणाऱ्या माणसांचे फोटो त्याच्याकडं ढिगानं होते.

हे खूळ त्याला वडलांच्या फोटोमुळं लागलं. रेवणप्पा जन्मभर आडतीवर पोती तोलणारे तोलार होते. धोतर, बंडी, कानावर पेन्सिल आणि भुवयांत ज्वारीचा भुस्सा, असा त्यांचा अवतार गावानं पाहिलेला. ते गेले तेव्हा घरात मतदार कार्डापलीकडं त्यांचा फोटो निघाला नाही. मग शिवकुमारनं कॉम्प्युटरवर त्यांना काळा कोट चढवला, टाय बांधला, गाल थोडे भरून काढले. गावातल्या सगळ्यांच्याच वडलांना तो हे करून देत असे. स्वतःच्या वडलांना कमी कसं करायचं? आता परवा त्याच्या आठवीतल्या लेकीनं, निवेदितानं, शाळेच्या निबंधात लिहिलं की माझे आजोबा नामांकित वकील होते. बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला.

तेव्हापासून त्याला चैन नव्हती. जुन्या माणसांतलं घरात एकच उरलं होतं, आत्या. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, माहेरी परत आली, धाकट्या भावाचा संसार तोंडाच्या जोरावर उभा केला आणि भावाच्या पोराला, म्हणजे शिवकुमारला, त्याच जोरावर वाढवलं. गल्लीत गाडी आडवी कोण लावतं, नळाला नंबर कोण मोडतं, यावर तिची पायरीवरून नजर असे. शिव्या मराठीत सुरू होत आणि राग चढला की कानडीत जात. या बाईचा फोटो म्हणजे एक आधार कार्डावरचा, ज्यात ती चोरीच्या संशयावरून धरून आणल्यासारखी दिसे. तिला काही झालं तर निवेदिता तिची कोण करील, कलेक्टर? आत्या आहे तशी दाखवणारा एक तरी फोटो, तोंड उघडं असलेला. त्याचं मागणं इतकंच होतं.

पण मुरूममध्ये एवढ्याशा गोष्टीलाही सगळी गल्ली आडवी येते. आत्या ज्वारी निवडत असताना तो खिडकीतून टपला, तर शेजारची पोरं खिडकीखाली उंचीप्रमाणं रांगेत उभी राहिली. नळावर मोबाइल लपवून धरला, तर बायकांनी घागरी खाली ठेवून एकमेकींचे पदर सारखे केले आणि म्हणाल्या, आता काढा भाऊजी. एकदा माळवदावर पालथा पडून वरून काढला. आत्या खाली खरोखरच भांडत होती. फोटोत एक पांढरं डोकं आणि एक लुगडं आलं. वाळत घातलेलं बोचकं म्हणून खपलं असतं.

आणि मग गल्लीनं विचार करायला सुरुवात केली.

या भागात विनाकारण कुणी कुणाचा फोटो काढत नाही. एक तर कसला तरी अर्ज भरायचा असतो, नाही तर लग्न असतं, नाही तर वाढदिवसाचा फ्लेक्स. चौथं कारण श्रद्धांजलीचा फ्लेक्स, आणि त्याच्यासाठी ऐन वेळी चांगला फोटो सापडत नाही हा सगळ्यांचा अनुभव. आत्याला अर्ज भरायचा नव्हता, लग्न करायचं नव्हतं, वाढदिवस कधी असतो ते तिलाच ठाऊक नव्हतं. समोरच्या किराणा दुकानातल्या व्यंकटनं शिल्लक राहिलेल्या कारणावर बोट ठेवलं. त्यानं शिवकुमारच्या बायकोला, उमादेवीला, हळूच विचारलं की वहिनी, सोलापूरला दाखवून आणलं का? उमादेवी म्हणाली की नाही, कशाला न्यायचं. आशा सोडली म्हणतात ती हीच, असं व्यंकटनं गल्लीत सांगितलं.

शहाळं आलं. सफरचंदं आली. मग आळंदहून आत्याची धाकटी बहीण इरम्मा आली, मुक्कामाच्या तयारीनं. स्टँडवर उतरल्यापासूनच तिनं रडायला सुरुवात केली होती.

सफरचंदांचा ढीग वाढला तसं आपलं काही खरं नाही हे आत्याच्या ध्यानात आलं. ती एकदम गोड झाली, आणि खरा घात तिथं झाला. तिनं व्यंकटला 'बाळा' म्हटलं. मेथीवाला सांगेल तो भाव बरोबर आहे म्हणाली. उमादेवीच्या भाजीत मीठ जास्त पडलं तर चव आली म्हणाली, आणि उमादेवी आत जाऊन रडली. दारात मोटरसायकली आडव्या लागू लागल्या. नळावर नंबरावरून मारामारी झाली, कारण भ्यायला कुणी उरलं नव्हतं. शिवकुमार कॅमेरा घेऊन बसून राहिला. समोर कपाळाला विभूती लावलेली, हात जोडलेली, साऱ्यांना क्षमा केलेली एक म्हातारी होती. असले फोटो देवळाबाहेर तयार मिळतात.

शेवटी तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"आत्या, तुमाला काय बी झालेलं न्हाई."

"व्हय बाबा."

"खरंच. डॉक्टरकडं गेलोच न्हाई आपण, तर ते काय सांगणार?"

"म्हाताऱ्याला सांगत नसतेत. घरच्यांला सांगतेत."

मग त्यानं सगळं सांगितलं. वडलांच्या कोटाचं सांगितलं, निबंधाचं सांगितलं, दाराच्या फळीमागं का उभा राहतो ते सांगितलं. फोटो पाहिजे, पण बसून काढलेला नको. भांडताना, बोलताना, पदर असेल तसा. आत्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत जुनं काहीतरी हललं.

"डोस्क्यावर पदर न्हाई, तोंडात दात न्हाई, जुडीसाठी भांडायलेली. ती बाई भिंतीवर लावणार तू?"

"कारण तुमी तशाच हाव."

"आरं, रोजचं तर रोज बघतोसच की. फोटूत तरी मला येगळं बघू दे."

कॉलेजात असताना शिवकुमारनं फोटोकलेवरची दोन जाड पुस्तकं वाचली होती. त्यांत हा मुद्दा कुठं आला नव्हता.

तिला कसं दिसायचं आहे तेही तिनं सांगून टाकलं. खुर्चीत बसायचं, हातात घड्याळ, मांडीवर पुस्तक. धाकट्या भावाला ती लहानपणी रोज शाळेत सोडायला जात असे, दारापर्यंत. आत एक बाई अशा बसलेल्या दिसायच्या. एवढंच म्हणाली आणि परत गोड झाली.

दुसऱ्या दिवशी उमादेवीचं घड्याळ आणि निवेदिताचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन मंडळी स्टुडिओत आली. इरम्मा बाकावर बसली. निळ्या पडद्यापुढं आत्या खुर्चीत अशी बसली की शिवकुमारला उगीच गृहपाठ राहिल्यासारखं वाटलं. त्यानं मुकाट्यानं फोटो काढला. फोटो चांगला आला, हे त्यालाही नाकारता येईना. त्यात आत्या नव्हती ही गोष्ट वेगळी.

तेवढ्यात व्यंकटनं दारातून डोकं आत घातलं. समोर आत्या, पडदा, लाइट बघून तो मनापासून समाधान पावला.

"आलात व्हय आत्या? लई बरं केलं," तो म्हणाला. "शिवाभाऊ, मोठ्या साइजचा काढा बरं का. बारका असला की फ्लेक्सवर चेहरा फाटतो."

आत्याची साधुगिरी तिथं संपली.

"मुडद्या," ती खुर्चीतून अर्धी उठली, "माझा चेहरा फाटायची काळजी करतोस? आदी तुझी तागडी सरळ कर. शेंगदाण्यात खडं घालतोस ते काय मी मेल्यावर काढणार हाईस?" आणि पुढचं कानडीत गेलं. पुस्तक खाली पडलं, पदर सुटला, घड्याळाचा हात वर गेला, बोट व्यंकटच्या नाकावर रोखलं गेलं. व्यंकट बाहेर पडायच्या ऐवजी दारातच खिळला, त्यामुळं तिला नेमही नीट धरता आला. शिवकुमारनं पुढं होऊन बटण दाबलं आणि दाबतच राहिला.

त्यातला एक फोटो मनासारखा उतरला. हनुवटीवरच्या तिळासकट, रिकाम्या हिरड्यांसकट, डोळ्यांत पेटलेल्या त्या मजेसकट, जी भांडताना तिला येत असे आणि जी ती कधी कबूल करत नसे. स्टुडिओ घातल्यापासून शिवकुमारनं असा फोटो काढला नव्हता. त्यानं तो मोठा छापला. गाल भरले नाहीत, सुरकुतीला हात लावला नाही. घरी आणून बैठकीतल्या टेबलावर भिंतीला टेकवून उभा केला आणि सगळ्यांना हाक मारली. काय ऐकून घ्यावं लागेल याची त्यानं तयारी ठेवली होती.

उमादेवी तोंडावर पदर धरून हसली. निवेदिता म्हणाली, "पप्पा, डिट्टो आत्याआजी."

आत्यानं चष्मा पुसला, परत लावला आणि जवळ गेली. मग हात पुढं करून तिनं फोटोतल्या हनुवटीला बोट लावलं.

"अव्वा," ती म्हणाली.

शिवकुमारला वाटलं, गुडघा दुखला म्हणून आईचं नाव घेतलं असेल.

"इरम्मा, ये बग गं. आपली अव्वा."

इरम्मा आली, तिनं बघितलं आणि हंबरडा फोडला. अव्वाच होती. आई गेली तेव्हा इरम्मा पाळण्यात होती, त्यामुळं तिच्या मनात काही शंका नव्हती.

"आत्या, ह्या तुमी हाव," शिवकुमार म्हणाला. "काल स्टुडिओत. व्यंकट आला तवा."

"मी कवा असं तोंड केलं?" आत्यानं खरोखरच विचारलं. "ही अव्वा. अशीच करवादायची सारखी. आता मारती का काय वाटायचं. मारायची न्हाई. मग जेवाय वाढायची." तिनं बोट हनुवटीवरून कपाळावर नेलं. "मी तिचा चेहरा इसरले होते रे शिवा. कवाधरनं. डोळं मिटलं की नुसतं लुगडं दिसायचं."

त्यानं तीळ दाखवला. तीळ अव्वाचाच, मला तिच्यावरून आला, असं उत्तर मिळालं. मागचा निळा पडदा दाखवला. त्यावर इरम्मा म्हणाली की अव्वाला निळा रंग आवडायचा. कॅमेऱ्यातली कालची तारीख दाखवावी म्हणून तो उठला, तेव्हा उमादेवीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो परत खाली बसला. आत्या फोटोपुढून हलली नव्हती. तिचा चेहरा आता भांडत नव्हता आणि गोडही नव्हता. असा तो शिवकुमारनं याआधी कधी बघितला नव्हता, आणि कॅमेरा दुकानात राहिला होता.

"कुंकू लाव हिला," आत्या म्हणाली. "मोठं लाव. भरल्या कपाळानं गेली ती. आन् हातातलं घड्याळ काढ. अव्वाला कुठलं घड्याळ?"

"बरं," तो म्हणाला.

"नथ घाल. दात मात्र भरू नको. तोंड हाय तसंच राहू दे."

शिवकुमार दुकानात गेला. शटर अर्धं ओढून कॉम्प्युटरपुढं बसला. घड्याळ पुसलं, नथ घातली, पांढरे केस थोडे काळे केले, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. फार वेळ लागला नाही. या कामात त्याचा हात बसलेला होता.

बैठकीत फोटो लागला आहे. आत्याची तब्येत ठणठणीत आहे. रोज सकाळी ती काचेला विभूती लावते, हात जोडते आणि तिथूनच उमादेवीला चहाबद्दल बोलते. फोटोखाली 'कै. गौराबाई' असं अव्वाचं नाव घातलं आहे. तारखा कुणालाच माहीत नसल्यामुळं ती जागा मोकळी आहे.